‘कारण अज्ञात’ लिहिण्यापूर्वी

पशुवैद्यकीय दवाखान्यात एका ठरावीक प्रकारचा फोन वर्षभर येत असतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर तो जास्त येतो. सकाळी कळपाबरोबर चरायला गेलेली गाय दुपारी गायरानात मरून पडलेली सापडते. काल तिने दूध दिलेले असते, रवंथ केलेला असतो. अंगात ताप नसतो, पायात लंगड नसते. काहीच झाले नव्हते, असे गुराखी सांगतो आणि त्याच्या दृष्टीने ते खरेही असते. आपण पोहोचेपर्यंत पोट फुगलेले असते, भोवती माणसे जमलेली असतात आणि त्यांचे निदानही झालेले असते. कुणी म्हणतो पान लागले, कुणी म्हणतो कुणीतरी घातले, कुणी आभाळाकडे बोट दाखवतो. मग पंचनाम्याचा कागद पुढे येतो. त्यातल्या मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात काय लिहायचे, हा प्रश्न या व्यवसायातल्या प्रत्येकाला पडत आलेला आहे. इतकी वर्षे हे काम केल्यावर माझे मत असे झाले आहे, की चरणाऱ्या जनावरांच्या ‘अनाकलनीय’ मृत्यूंपैकी बहुतेकांना ओळखता येण्यासारखे कारण असते. ते सापडत नाही याचा मोठा दोष, पहिल्या काही तासांत आपण सगळे मिळून जे करतो किंवा करत नाही, त्याला द्यावा लागतो. हे मत जरा तपशिलाने मांडायला हवे, कारण त्याच्याविरुद्ध बोलण्यासारखेही बरेच आहे.

गोठ्यातल्या दुभत्या गाईला दिवसातून दोनदा माणसाचा हात लागतो. धार कमी आली, कास गरम लागली, पेंड उष्टी राहिली, की मालकाला लगेच कळते. माळावर चरणाऱ्या कालवडीला, गोऱ्ह्याला, भाकड गाईला ही सोय नसते. ती सकाळी मोजली जातात आणि संध्याकाळी मोजली जातात. त्यामुळे फऱ्यासारखा आजार, ज्यात जनावर दीड-दोन दिवस लंगडते, खाणे सोडते, फऱ्यावर सूज येते आणि ती दाबली की करकर वाजते, तोही मालकाच्या हिशेबात ‘अचानक’ होतो. घटसर्पात गळ्याखाली सूज येऊन जनावर घुरघुरत मरते. म्हशींत हे आणखी झपाट्याने घडते. याशिवाय काही कारणे खरोखरच मिनिटा-तासांची आहेत. कोवळ्या ज्वारीची किराळ लागणे, बांधावर ठेवलेल्या पोत्यातला युरिया खाणे, फवारणीच्या औषधाचे पाणी पिणे, कण्हेरीचा पाला, नायट्रेट साठलेला चारा, ओल्या कोवळ्या द्विदल चाऱ्याने होणारी पोटफुगी, वीज, साप आणि या सगळ्यांत पहिल्यांदा आठवावी अशी काळपुळी, जिला गावाकडे फाशी म्हणतात. ही यादी लांब असली तरी अमर्याद नाही. ऋतू, वय, जात, कुरणातला चारा आणि आदल्या आठवड्याचे हवामान इतके विचारले, तरी ती चार-पाच नावांवर येते.

यावर शेतकऱ्याचा पहिला आक्षेप ठरलेला असतो: याच रानात आम्ही वर्षानुवर्षे गुरे चारतो, कधी काही झाले नाही, मग आजच चाऱ्याने कसे मरेल? आक्षेप रास्त वाटतो, पण तो वनस्पतीला निर्जीव धरतो. ज्वारीच्या कोवळ्या पानात धुरिन नावाचे द्रव्य असते. पान चावले जाऊन पोटात गेले, की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटते. रक्तात प्राणवायू भरपूर असतो, पण पेशींना तो वापरता येत नाही. म्हणून अशा जनावराचे रक्त लालभडक दिसते. वाढलेल्या, फुलोऱ्यात आलेल्या ज्वारीत हे द्रव्य कमी असते. पावसाने ओढ दिल्यावर खुरटलेल्या पिकात आणि कापणीनंतर बुडख्याला आलेल्या फुटव्यांत ते धोकादायक प्रमाणात वाढते. म्हणजे शेत तेच, जनावर तेच, पण आठवडा वेगळा. २०१२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात एल्गिन गावाजवळ कुरणात सोडलेल्या १८ जनावरांपैकी १५ काही तासांत मेली. गवत होते ‘टिफ्टन ८५’, हरळीच्या कुळातले संकरित वाण, आणि मालकाने ते बरीच वर्षे बिनधोक चारलेले होते. बातम्यांत लगेच जनुकीय बदल केलेल्या गवताचा बळी म्हणून गवगवा झाला. प्रत्यक्षात ते वाण नेहमीच्या संकर पद्धतीने तयार झालेले होते, आणि तपासणीत सापडले ते सायनाइड. नेहमीचे कुरण म्हणजे निर्धोक कुरण, हा समज किती ठिसूळ आहे हे तिथे दिसले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, गवताचे नमुने वेळेवर तपासले नसते तर ती १५ जनावरे आजही कुठल्या तरी अफवेच्या नावावर जमा असती.

वेळेवर या शब्दावर माझा सगळा भर आहे, कारण मेलेल्या जनावराच्या शरीरातला पुरावा उन्हात ठेवलेल्या बर्फाच्या लादीसारखा विरत जातो. सायनाइड उडून जाते. पोटातला चारा आणि यकृताचा तुकडा ताबडतोब घट्ट झाकणाच्या बाटलीत घालून थंड ठेवला नाही, तर प्रयोगशाळेला काही सापडत नाही आणि ‘विष आढळले नाही’ असा अहवाल येतो. तो अहवाल खरा असतो आणि तरीही दिशाभूल करतो. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत काही तासांत प्रत्येक मृत जनावराचे पोट फुगते, म्हणून फुगलेले पोट हा पोटफुगीचा पुरावा होत नाही. जिवंतपणी पोट फुगून मेलेल्या जनावराची अन्ननलिका मानेच्या भागात रक्ताने गर्द आणि छातीच्या भागात फिकट दिसते. त्या दोन रंगांमधली रेषा पाहिली तरच पोटफुगी म्हणता येते. आतड्यातले क्लॉस्ट्रिडियम गटाचे जंतू मृत्यूनंतर सर्वांगात पसरतात, त्यामुळे कुजलेल्या शरीरात ते सापडले म्हणून ते मारेकरी ठरत नाहीत. उलट डोळ्यातले पाणी उशिरापर्यंत टिकते आणि नायट्रेट किंवा मॅग्नेशियमसाठी ते बाकी सगळे सडल्यावरही उपयोगी पडते. म्हणजे कोणता पुरावा किती वेळ टिकतो याचे एक वेळापत्रक असते. आपण त्याच्यामागे किती उशिरा धावतो, यावर ‘अज्ञात’ हा शेरा बऱ्याचदा ठरतो.

मात्र इथे घाई करून चालत नाही अशी एक जागा आहे, आणि ती चुकली तर बाकी सगळे शहाणपण व्यर्थ जाते. अचानक मेलेले प्रत्येक जनावर, कानाच्या शिरेतल्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर तपासेपर्यंत, काळपुळीचे समजायचे. आधी काचपट्टी, मग सुरी. शरीर ताठरलेले नाही, नाका-गुदद्वारातून काळपट, न गोठणारे रक्त येते आहे, ही चिन्हे असली तर सुरी लावायचीच नाही. पण चिन्हे नसली म्हणून काळपुळी नाही असेही होत नाही. यामागचे शास्त्र सव्वाशे वर्षांहून जुने आहे. रॉबर्ट कॉख यांनी १८७६ मध्ये या जंतूचे जीवनचक्र उलगडले. बंद शरीरात हे जंतू कुजण्याच्या प्रक्रियेत मरतात. शरीर उघडले आणि हवा लागली, की ते कवच धारण करून बीजाणू बनतात. ते बीजाणू मातीत दशकानुदशके जिवंत राहतात. फ्रान्समध्ये ज्या शेतांत दरवर्षी मेंढ्या मरत त्यांना शापित शेते म्हणत. त्या शापाचे मूळ तिथेच पुरलेल्या जनावरांत आहे, हे लुई पाश्चर यांनी दाखवले आणि १८८१ मध्ये पुयी-ल-फोर इथे लस जाहीरपणे सिद्ध केली. आज जगभर वापरली जाणारी लस मॅक्स स्टर्न यांनी १९३० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत तयार केली. इतके सगळे माहीत असूनही ओडिशातल्या कोरापुटसारख्या भागात मेलेल्या गुरांचे मांस किंवा कातडे हाताळणाऱ्या माणसांना हा आजार पुन्हा पुन्हा होतो. घाईने फाडलेले एक जनावर माणसांना आजारी पाडते आणि पुढच्या पिढीच्या गुरांसाठी माती दूषित करून ठेवते.

आता सोप्या उत्तरांकडे येऊ. गावात आणि कागदावर साप आणि वीज ही दोन कारणे फार लोकप्रिय आहेत. दोन्ही खरीही असतात, म्हणूनच ती तपासून लिहायला हवीत. विजेने मेलेल्या जनावराच्या तोंडात बऱ्याचदा अर्धवट चावलेले गवत असते, झाडाखाली किंवा तारेच्या कुंपणालगत एकाहून अधिक जनावरे पडलेली असतात, कधी केस होरपळलेले असतात आणि कधी अंगावर एकही खूण नसते. जमिनीतून पसरणारा विजेचा प्रवाह पुढच्या आणि मागच्या पायांतल्या अंतरामुळे शरीरातून जातो, म्हणून चारपायी जनावर माणसापेक्षा जास्त सापडते. २०१६ मध्ये नॉर्वेतल्या हार्डांगर पठारावर एकाच वादळात ३२३ रेनडिअर मेले, ते असेच. पण त्या दिवशी त्या शिवारात वीज कडाडली होती का, एवढेही न विचारता ‘वीज पडून’ लिहिले जाते, याचे कारण सरकारी मदत कारणाला चिकटलेली असते. नैसर्गिक आपत्तीत मेलेल्या जनावराला भरपाई आहे. २०२२ मध्ये लम्पीच्या साथीत महाराष्ट्र सरकारने दुधाळ जनावरामागे ३० हजार, ओढकामाच्या जनावरामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपये दिले. विम्याच्या दाव्यालाही शवविच्छेदनाचा दाखला लागतो. ज्याचा बैल गेला त्याची पेरणी अडलेली असते. त्याच्यासमोर उभे राहून ‘कारण कळले नाही’ असे लिहिणे निष्ठुर वाटते.

हा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो आणि त्याचे उत्तर सोपे नाही. दयेपोटी लिहिलेले खोटे कारण एका कुटुंबाला पैसे मिळवून देते हे मान्य. पण तेच कारण पुढच्या कळपाचे संरक्षण काढून घेते. ‘सर्पदंश’ लिहिला की लसीकरण होत नाही, कुरण बंद होत नाही, कुणी माती-पाणी पाहत नाही. आठ दिवसांनी त्याच ओढ्याकाठी शेजाऱ्याचे जनावर मेले, की आधीच्या दयेची किंमत शेजारी मोजतो. यावरचा उपाय मदतीच्या नियमांत आहे. अचानक मृत्यूत नमुने वेळेवर घेतले गेले असतील आणि तरीही कारण सापडले नसेल, तर तशा नोंदीवरही मदत मिळायला हवी. मदतीचा निकष कारणाऐवजी तपासणीला जोडला, तर पशुवैद्याला खोटे लिहावे लागणार नाही आणि शेतकरी स्वतःहून लवकर फोन करील. आजच्या व्यवस्थेत दोघांनाही प्रामाणिकपणाचा तोटा होतो.

सोप्या उत्तरांतले सर्वांत घातक उत्तर म्हणजे ‘कुणीतरी घातले’. विषप्रयोग होतातच, पूर्वी सोमल आणि गुंजेच्या बिया वापरून जनावरे मारल्याचे प्रकार नोंदलेले आहेत. पण संशय कुणावर जातो ते पाहावे. इंग्रजी अमदानीत उत्तर भारतात गुरे मेली की कातडी कमावणाऱ्या जातींवर विष घातल्याचा आळ येई. बुळकांडी, घटसर्प, काळपुळी यांचे निदान करण्याची सोय तेव्हा गावापर्यंत नव्हती; पुण्यात इम्पीरिअल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी निघाली तीच १८८९ मध्ये, आणि १८९३ मध्ये ती मुक्तेश्वरला हलली. महाराष्ट्रात मेलेले ढोर ओढण्याचे काम जातीने महारांवर लादलेले होते. १९२७ च्या महाड परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले ते माणुसकीच्या आणि स्वाभिमानाच्या भूमिकेतून. पशुवैद्याला त्यात आरोग्याचाही अर्थ दिसतो, कारण काळपुळीचा पहिला धोका ओढणाऱ्या आणि सोलणाऱ्या हातांना असतो. संशयाची ही खोड फक्त आपल्याकडची नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या पश्चिम भागात जीभ, डोळे, कास नेमकी कापल्यासारखी नाहीशी झालेली मृत गुरे सापडू लागली आणि लोकांनी गुप्त पंथांपासून परग्रहवासीयांपर्यंत सगळ्यांना आरोपी केले. केनेथ रॉमेल या निवृत्त तपास अधिकाऱ्याने न्यू मेक्सिकोत चौकशी करून १९८० मध्ये अहवाल दिला: नैसर्गिक मृत्यू आणि नंतर मृतभक्षक प्राण्यांचे काम. आपल्याकडेही कुत्री, कोल्हे, कावळे मऊ भागापासूनच सुरुवात करतात. भांडणाचे बी पेरण्याआधी एवढे लक्षात घ्यायला हरकत नाही.

माझ्याच व्यवसायातून एक आक्षेप येतो, की अनुभवी डोळ्याला नमुन्यांची गरज नसते. उभ्या उभ्या कळते. अनुभवाने अंदाज बरा होतो हे मी नाकारत नाही. पण अंदाज तपासलाच नाही तर तो चुकल्याचे कधी कळतच नाही, आणि न तपासलेला अनुभव वर्षागणिक नुसता ठाम होत जातो. याचे मोठे उदाहरण गिधाडांचे आहे. १९९० च्या दशकात भारतातली गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली, तेव्हा जाणकारांचा कल संसर्गजन्य आजाराकडे होता आणि तो कल अवास्तव नव्हता. उत्तर मिळाले ते लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात ताज्या मृत गिधाडांचे शवविच्छेदन करून मूत्रपिंडे तपासली तेव्हा. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनाने गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाकडे बोट दाखवले, आणि २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आणली. गुरांच्या मृत्यूशी याचा संबंध थेट आहे. गावाबाहेर टाकलेले ढोर पूर्वी गिधाडे बघता बघता संपवत. आता ते दिवसचे दिवस पडून राहते आणि कुत्री ते शिवारभर नेतात. म्हणून ‘मेले ते मेले, आता तपासून काय मिळणार’ हा प्रश्न आज पूर्वीपेक्षाही महाग पडतो. तपासणी मेलेल्यासाठी नसतेच. ती कळपातल्या उरलेल्या जनावरांसाठी असते. फऱ्या ठरला तर बाकीच्यांना लस देता येते, किराळ ठरली तर त्याच दिवशी कळप त्या शेतातून बाहेर काढता येतो आणि लक्षणे दिसणाऱ्या जनावराला सोडियम नायट्राइट व थायोसल्फेट शिरेतून देऊन वाचवण्याची संधी मिळते.

शेवटचा आक्षेप साधनांचा. एका दवाखान्याकडे अनेक गावे, परिचर अपुरे, गाडी नाही, आणि नमुना पाठवला तर अहवाल येईपर्यंत हंगाम बदलतो. हे सगळे खरे आहे. पण काचपट्टी, मिथिलिन ब्लू आणि सूक्ष्मदर्शक यांना मोठी यंत्रणा लागत नाही. पिवळ्या पिक्रेट कागदावरची सायनाइडची चाचणी जागेवर होते. कागद विटकरी झाला की उत्तर मिळाले. पुण्यात औंधचा रोग अन्वेषण विभाग आहे, विषासाठी न्यायसहायक प्रयोगशाळा आहेत. त्यांच्याकडे जाणारा नमुना बऱ्याचदा चुकीच्या बाटलीत, चुकीच्या द्रवात, उशिरा गेलेला असतो आणि मग दोष प्रयोगशाळेला लागतो. सगळे नीट करूनही काही मृत्यूंचे कारण सापडणार नाही, हे मी जाणून आहे. तेव्हा ‘अज्ञात’ लिहावे, पण पूर्ण लिहावे: मृत्यूनंतर किती तासांनी पाहिले, काचपट्टीत काय दिसले, कोणते नमुने घेतले, कोणते घेता आले नाहीत आणि का. अशी नोंद पुढच्या वेळी त्याच शिवारात जाणाऱ्याच्या कामी येते. नुसता ‘अज्ञात’ कुणाच्याच कामी येत नाही.

शेतकऱ्यांना माझी विनंती आहे ती थोड्यात सांगतो. जनावर अचानक मेले, तर ते ओढू नका, सोलू नका, फाडू नका आणि कुत्र्यांना त्याच्यापर्यंत पोहोचू देऊ नका. उरलेला कळप ताबडतोब त्या जागेवरून हलवा. शेवटी काय खाल्ले, कुठे पाणी प्यायले, आदल्या आठवड्यात काय फवारले, हे आठवून ठेवा आणि १९६२ या क्रमांकावर किंवा जवळच्या दवाखान्यात लगेच कळवा. साथीच्या रोगाचा संशय आल्यास कळवणे हे २००९ च्या केंद्रीय कायद्याने जनावराच्या मालकाचे कर्तव्यही आहे. फऱ्या-घटसर्पाची लस पावसाळ्यापूर्वी टोचून घ्या, आणि जिथे काळपुळी पूर्वी झाली आहे तिथे तिची लस दरवर्षी चुकवू नका. माझ्या व्यवसायबंधूंना एवढेच म्हणायचे आहे, की रकाना भरण्याची घाई नसते, काचपट्टीची असते.